चवीचे कौतुक परगावी, अब्रूचा प्रश्न गावी

शिमगा जवळ आला की मंडणगड तालुक्यातील डोंगरउतारांवर काजूची बोंडे पिवळी-तांबडी होऊ लागतात. त्याच दिवसांत वेळासच्या किनाऱ्यावर वाळूतून बाहेर पडून समुद्राकडे धावणारी कासवांची पिल्ले पाहण्यासाठी पुण्या-मुंबईची मंडळी येतात, आणि पालखी नाचविण्यासाठी चाकरमानीही गावी परततात. पाहुण्यांच्या ताटात उकडीचे मोदक पडतात, सोलकढी वाढली जाते, कोकमाचे सरबत दिले जाते. तेवढ्याच वेळी काजूच्या झाडाखाली बोंडांचा खच कुजत असतो. बी पिरगळून काढली की तिच्या वजनाच्या कित्येक पट भरणारे हे रसाळ फळ टाकून दिले जाते. एका दिवसात त्याला आंबूस वास सुटतो आणि माश्या घोंगावू लागतात.

यात विसंगती अशी की, या पाहुण्यांपैकी काहींना आंबविलेल्या पेयांच्या चवीची चांगलीच पारख असते. शहरात छोट्या भट्टीत तयार होणाऱ्या बिअरचे चार-पाच लहान पेले ओळीने मांडून, रंग न्याहाळून, वास घेऊन, कोणती कडवट, कोणती फळांच्या वासाची, कोणती भाजलेल्या धान्याची याची चर्चा करीत ते संध्याकाळ घालवितात. प्रवासाला गेले की तेथील स्थानिक भट्टीची चौकशी करतात आणि परतताना एखादी बाटली घरी आणून मित्रांना चाखावयास देतात. या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण परगावची आंबवण्याची कला जाणून घेणाऱ्या या सुशिक्षित माणसाला आपल्याच किनाऱ्यावरील त्या जातीच्या कलेविषयी काय माहिती असते, हा प्रश्न विचारावयास हवा.

छोट्या भट्टीची बिअर आपल्याकडे तशी अलीकडची. २००९ साली पुण्यात 'डूलाली' नावाची अशी एक भट्टी सुरू झाली आणि पुढे पुण्या-मुंबईत तिच्या मागोमाग इतर अनेक आल्या. हे नाव परके वाटते, पण ते नाशिकजवळच्या देवळालीचे इंग्रजी बोबडे रूप आहे. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने पडून राहत. कंटाळा, उष्मा आणि हिवताप यांनी त्यांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत 'डूलाली टॅप' हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्यातील 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. 'इंडिया पेल एल' या जगभर लोकप्रिय असलेल्या बिअरच्या नावातही हिंदुस्थान आहेच. आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांच्या प्रवासाने येथील गोऱ्या लोकांसाठी जी फिकट बिअर पाठविली जाई, तिची ती आठवण. लंडनच्या बो येथील हॉजसनच्या भट्टीने या व्यापारात प्रारंभी मोठे नाव कमावले होते.

पाश्चात्य देशांतही या छोट्या भट्ट्यांचे पुनरुज्जीवन सहजासहजी झालेले नाही. मोठ्या कारखान्यांनी बिअरची चव एकसारखी आणि सपक केली, तेव्हा ब्रिटनमध्ये १९७१ साली अस्सल 'एल'च्या रक्षणासाठी ग्राहकांची चळवळ उभी राहिली. अमेरिकेत १९७८ साली घरच्या घरी बिअर करण्यास संघराज्य सरकारने कायद्याने मोकळीक दिली. घरी प्रयोग करणाऱ्या हौशी लोकांतूनच पुढे हजारो छोट्या भट्ट्या निघाल्या. बेल्जियमची बिअर-संस्कृती २०१६ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट केली. त्या देशातील ट्रॅपिस्ट मठांतील साधूंच्या देखरेखीखाली आजही बिअर होते, आणि मिळकत मठाच्या योगक्षेमासाठी व दानधर्मासाठी खर्च होते. सांगण्याचा मुद्दा एवढाच की, ज्या समाजांनी आपल्या पेयाला वारसा मानले, त्यांनी ते कोण करतो, कशापासून करतो आणि किती करतो याकडे लक्ष दिले.

आपल्याकडे काय घडले? माडाच्या पोयीतून, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्यातून, माडी काढणे हा कोकणातील भंडारी समाजाच्या अनेक घराण्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय. पोय बांधून, हलकेच ठोकून, तिचे टोक कोयत्याने रोज पातळ छेदावे लागते. छेद अधिक खोल गेला तर पोय फुकट जाते, उथळ राहिला तर रस पाझरत नाही. पहाटे उतरविलेला गोड रस म्हणजे नीरा. हवेतील आणि मडक्यातील किण्व त्यात लगेच कामाला लागते आणि काही तासांतच तो रस साधारण बिअरइतका मादक होतो. मडक्याला आतून चुना लावला तर आंबण्याची ही क्रिया मंदावते. पाश्चरने १८७६ साली बिअरविषयीच्या आपल्या ग्रंथात आंबवण्याचे जे शास्त्र मांडले, त्याचा व्यवहार माडावर चढणारा माणूस पिढ्यान् पिढ्या करीत आला होता. गोव्यातील पाववाला पीठ फुगविण्यासाठी माडीच वापरीत असे.

या कलेवर पहिला घाला इंग्रजी राजवटीने घातला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडांवरील कर आणि परवान्यांचा फास आवळला. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. त्यामागे लोकांच्या आरोग्याच्या काळजीपेक्षा सरकारी महसुलाची काळजी अधिक होती. घरोघर आणि रानोमाळ होणाऱ्या पेयावर कर बसविणे अवघड, मोठ्या मक्तेदाराच्या भट्टीवर सोपे, असा तो हिशेब होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. पुढे ती क्रमाक्रमाने सैल झाली, तरी पिणाऱ्याने परवाना बाळगावा हा नियम कागदोपत्री आजही आहे. शहरात बिअरच्या भट्टीला परवाना मिळतो. गावात बोंडाचा रस विनापरवाना आंबविणारा मात्र गुन्हेगार ठरतो.

याउलट शेजारच्या गोव्याकडे पाहावे. काजू हे झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेले. तरी त्याच्या बोंडांपासून होणाऱ्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. हुर्राक आणि फेणी यांतील फरक गोव्याला गेलेला मराठी पर्यटक हौसेने समजावून घेतो. त्याच जातीचे झाड, तीच जांभी माती आणि तोच खारा वारा मंडणगडलाही आहे. पण येथील बोंड कुजते, आणि गोवा बनावटीची दारू चोरवाटेने रत्नागिरी-सिंधुदुर्गात येते, तिच्या जप्तीच्या बातम्या येत राहतात. महाराष्ट्र शासनाने २०२२ साली काजूबोंडे आणि मोहफुले यांपासूनच्या मद्याला 'देशी'ऐवजी 'विदेशी' मद्याचा दर्जा देण्याचे ठरविले. हेतू प्रतिष्ठा देण्याचा असेल. परंतु आपल्या मातीतील वस्तूला प्रतिष्ठा हवी असेल तर तिला विदेशी म्हणावे लागते, याहून आपल्या मनोवृत्तीवरचे मार्मिक भाष्य दुसरे कोणते असू शकेल?

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. दारूने या राज्यातील असंख्य संसार उद्ध्वस्त केले आहेत. महात्मा फुल्यांनी १८८० साली पुण्यात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध आवाज उठविला होता. १९०८ साली लोकमान्य टिळक पुण्यातील मद्यपाननिषेधाच्या चळवळीत उतरले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे याच मंडणगड तालुक्यातले. आणि त्यांनी १९५६ साली नागपुरात आपल्या अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. ज्या घरात बाप पिऊन येतो, त्या घरातील मुलाला पेल्यातील सुगंधाचे कौतुक सांगणे ही क्रूर थट्टा होय. शाळेच्या वर्गात असे मूल प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते.

हा आक्षेप खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष कोणता? संसार मोडले ते बव्हंशी चवीच्या शोधाने नव्हे. दिवसभराच्या कष्टानंतर स्वस्तात आणि झटपट चढणाऱ्या दारूने ते मोडले. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्या दारूत होते मिथेनॉल. माड, मोह किंवा काजू यांच्याशी त्या विषाचा संबंध नव्हता. गावातील ओळखीच्या माणसाने, ओळखीच्या झाडापासून, सर्वांच्या देखत केलेले पेय नाहीसे झाले, तेव्हा त्याची जागा दूध-ताकाने घेतली नाही. ती कारखान्याच्या बाटलीने आणि अंधारातल्या फुग्याने घेतली. निषेधाचा कायदा आणि महसुलाची हाव या दोघांनी मिळून हलके पेय मारले आणि कडक पेय वाढविले.

म्हणून मार्ग काढावयाचा तो दोन्ही सत्ये ध्यानात ठेवून. पहिले पाऊल मादक नसलेल्या वस्तूंचे असावे. काजूबोंडात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असते. त्यातील तुरटपणा काढून सरबत आणि सिरप करता येते. शेजारीच दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ उभे आहे. प्रश्न बोंड एका दिवसात नासण्याचा आहे. तो सोडवावयाचा तर प्रक्रिया गावोगाव आणि झाडाजवळ व्हावयास हवी. नीरेसाठीही तीच गोष्ट लागू. दुसरे पाऊल म्हणजे माडी आणि काजूच्या हलक्या पेयांसाठी छोटे, सहकारी आणि तपासणीखालचे परवाने. केरळमध्ये परवानाधारक ताडीची दुकाने चालतात, त्यांच्या जेवणाची कीर्ती पर्यटकांपर्यंत पोहोचली आहे. माडावर चढणाऱ्याला तेथे कारागीर म्हणून स्थान आहे. आपल्याकडे त्याची मुले मुंबईला जातात, आणि ती का जातात हे वेगळे सांगावयास नको.

तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. परवाना देण्या-न देण्यात गावातील स्त्रियांचा शब्द निर्णायक असावा. निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद करण्याची तरतूद महाराष्ट्रात आहेच. बंद करण्याचा हा अधिकार उघडण्याच्या वेळीही मानला गेला, तर गावाच्या अब्रूचा आणि गावाच्या कलेचा हिशेब एकाच सभेत मांडला जाईल. एखादे गाव नको म्हणेल, तेथे सरबतच होईल. त्यात काहीच कमीपणा नाही.

राहता राहिला तो चवीचा शोध घेणारा प्रवासी. पेला हातात घेताना त्यातील धान्य कोठले, पाणी कोठले, करणारा कोण, हे विचारण्याची चांगली सवय त्याने परदेशात आणि पुण्यात लावून घेतली आहे. ती सवय त्याने वेळासला येताना घाटावर ठेवून येऊ नये. तो मद्य पिणारा असो वा नसो, किनाऱ्यावरून परतताना वाटेतल्या बागेत थांबून एक बोंड चाखून पाहावे. जीभ थोडी ओढली जाईल, घसा खवखवेल. पण एवढ्या रसाचे आपण काय करतो, हा प्रश्न त्याच्यासोबत शहरात जाईल, आणि बोंड झाडाखाली कुजू न देण्याची सुरुवात अशा विचारणाऱ्यांपासूनच होईल.