दन्तधावन : विधी, अभ्यास आणि पादांशिक क्रम

दिनचर्येत शौचविधीनंतर लगेच दन्तधावनाचा क्रम येतो. वाग्भटाचार्यांनी ते प्रातःकाळी व भोजनोत्तर करण्यास सांगितले असून, चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायातही दोन काळांचा निर्देश आहे. दिवसातून दोन वेळा दात घासावेत, हा आजचा सर्वमान्य सल्ला त्यामुळे आयुर्वेदास नवा नाही. अडचण आहे ती सातत्याची. त्यातही रात्रीच्या वेळेची.

शास्त्रोक्त विधी

दातवण बारा अंगुळे लांब, करंगळीएवढे जाड, सरळ व ताजे असावे. त्याचे टोक चावून मऊ कुंचला करावा व हिरड्यांना इजा न होता दात घासावेत. सुश्रुताचार्यांनी तिक्त रसात निंब, कषायात खदिर, मधुरात मधुक व कटु रसात करंज श्रेष्ठ मानला आहे. वरोरा परिसरात कडूनिंब व करंज सहज मिळतात. ग्रंथोक्त असले तरी रुई व कण्हेर यांचे दातवण सामान्य रुग्णास सुचवू नये; रुईचा चीक दाहक, तर कण्हेर विषारी आहे. मुखपाक, ज्वर, छर्दी, अर्दित इत्यादी अवस्थांत दातवण वर्ज्य असून तेथे गुळण्यांनी मुखशुद्धी करावी. मऊ ब्रश वापरणाऱ्यास त्यापासून परावृत्त करण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष स्थिती

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत अनेक घरी पहाटे दातांना लावली जाते ती नस किंवा गुडाखू, म्हणजे तंबाखूच. दिवसभर खर्रा चालतो तो वेगळा. दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास केंद्र शासनाने 1992 मध्ये मनाई केली. राज्यात 2012 मध्ये गुटखाबंदी आली. तरीही सवय टिकून आहे. तंबाखूने मुखाचा कर्करोग होतो हे सिद्ध आहे, आणि खर्ऱ्यातील सुपारीने तोंड उघडणे क्रमाने कमी होते.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. नस लावणारी स्त्री एकही दिवस चुकत नाही. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेली डबी. तिच्यापाशी नियमितता आहेच. बदलायचे आहे ते द्रव्य.

सवय लावण्याचा क्रम

यासाठी चरकोक्त पादांशिक क्रम उपयोगी पडतो. अहिताचा चतुर्थांश सोडावा, हिताचा तेवढाच अंश स्वीकारावा आणि एक, दोन, तीन दिवसांच्या अंतराने पुढे जावे. क्रमाने झालेला बदल स्थिर राहतो, हा त्यामागील आशय.

दिवसातून चार वेळा नस लावणाऱ्यास प्रथम रात्रीची नस बंद करून त्या वेळी त्रिफळा चूर्ण व किंचित सैंधव द्यावे. ते अंगवळणी पडल्यावर दुपारची, मग सायंकाळची आणि शेवटी पहाटेची वेळ बदलावी. पहाटेची तल्लफ सर्वांत तीव्र असल्याने तिला अखेरीस हात घालावा. मंजनाची डबी नसेच्या डबीच्याच जागी ठेवावी.

ज्यांना व्यसन नाही, पण रात्रीचे घासणे राहून जाते, त्यांनी ते रोजच्या पक्क्या कामाला जोडावे : जेवणाची भांडी आवरली की दात, मग अंथरूण. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा सुरू करावे. मुलांबरोबर आईवडिलांनीही त्याच वेळी दात घासावेत. केवळ सांगण्याने सवय लागत नाही.

फ्लोराइडचे डाग

चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे. त्यामुळे दातांवर पडलेले पिवळे-तपकिरी डाग घासून जात नाहीत. कोळसा, राख वा विटेची पूड जोराने घासल्यास दातांचे आवरण मात्र झिजते. ही गोष्ट न सांगितल्यास रुग्ण निराश होऊन घासणेच सोडतो.

वैद्यांचे कर्तव्य

प्रत्येक रुग्णपत्रिकेत ‘दन्तधावन कशाने? किती वेळा?’ हे दोन प्रश्न असावेत. ‘मंजन लावतो’ एवढ्या उत्तरावर न थांबता डबीत काय आहे ते विचारावे. मुखात पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा तीन बोटे मावण्याइतकेही तोंड न उघडणे, यांपैकी काहीही आढळल्यास गंडूष-कवलावर कालहरण न करता रुग्णास त्वरित तज्ज्ञाकडे पाठवावे. डबीतले द्रव्य वेळीच बदलले, तर यांतील पुष्कळ रुग्णांवर ही पाळीच येणार नाही.