ग्रंथकार म्हणून माझें पहिलें संमेलन

उतारवयांत मनुष्याचे जे मोह सुटतां सुटत नाहींत, त्यांत आपल्या नांवाचें एखादें पुस्तक असावें हा मोह फार चिवट आहे. धनाचा लोभ पेन्शनीबरोबर मर्यादेंत येतो, जिव्हेचा लोभ डॉक्टरांच्या धाकानें आवरतो. परंतु मुखपृष्ठावर आपलें नांव पाहण्याचा लोभ साठीनंतर अधिकच बळावतो, असा माझा स्वानुभव आहे. ह्याच लोभापायीं मी २०२४ च्या फेब्रुवारींत अमळनेर येथें भरलेल्या सत्त्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनास गेलों. तेथें जें पाहिलें, जें सोसलें व जें शिकलों, तें वाचकांपुढें ठेवावें, म्हणजे माझ्यासारख्या दुसऱ्या एखाद्या हौशी ग्रंथकाराचे चार पैसे व चार रात्रींची झोंप वांचेल, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

मी दापोली तालुक्यांतील एका खेड्यांत राहणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक. शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत व पुढें अध्यापनाची पदविका. मात्र वडिलांनीं लहानपणीं रूपावली, अमरकोश व रघुवंशाचे कांहीं सर्ग पाठ करून घेतले होते. तेवढी संस्कृताची शिदोरी पदरीं होती. चाकरीच्या छत्तीस वर्षांत रोज प्रार्थनेनंतर मी फळ्यावर एक सुभाषित लिहीत असें व त्याचा अर्थ मुलांना सांगत असें. निवृत्तीनंतर त्यांतील दोनशें सुभाषितें निवडून, प्रत्येकाखालीं मराठी अर्थ व चार ओळींचें विवेचन लिहून मीं एक हस्तलिखित सिद्ध केलें. तें पांच प्रकाशकांकडे धाडलें. दोघांनीं परत केलें. तिघांनीं पोंचहि दिली नाहीं. शेवटीं स्वखर्चानें पांचशें प्रती छापविल्या. खर्च अडतीस हजार रुपये आला.

हे अडतीस हजार कोठले, हें सांगितल्यावांचून पुढील हकीकतीचें मर्म कळणार नाहीं. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळानें आमच्या किनाऱ्यावर जो हाहाकार केला, त्यांत आमच्या मागील पडवीचें छप्पर उडालें. तेव्हांपासून तेथें ताडपत्री घालून आम्ही पावसाळे काढीत होतों. नव्या छपरासाठीं सौभाग्यवतीनें व मीं मिळून बाजूस टाकलेली ती रक्कम होती. ‘पुस्तकें खपलीं कीं छप्पर होईलच,’ असें मीं तिला सांगितलें. ती एवढेंच म्हणाली, ‘अहो, पावसाला तुमचं पुस्तक वाचतां येत नाहीं.’

संमेलनाच्या परंपरेचा मला मोठा अभिमान. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे व लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख ह्यांच्या पुढाकारानें ११ मे १८७८ रोजीं पुण्यास हिराबागेंत जें पहिलें संमेलन भरलें, तें ‘ग्रंथकार संमेलन’ ह्या नांवानेंच ओळखलें जातें. अध्यक्ष स्वतः रानडे होते. दुसरें १८८५ सालीं, पुण्यासच, कृष्णशास्त्री राजवाडे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं झालें. नंतर वीस वर्षांचा खंड पडून तिसरें १९०५ सालीं साताऱ्यास भरलें. आणि १९०६ च्या पुणें येथील संमेलनांतून महाराष्ट्र साहित्य परिषद जन्मास आली. १८८५ चें निमंत्रण महात्मा जोतीराव फुले ह्यांसहि गेलें होतें. त्यांनीं तें पत्र लिहून नाकारलें. जे लोक मनुष्यमात्राचे हक्क मनापासून मान्य करीत नाहींत, त्यांच्या सभांशीं व पुस्तकांशीं आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाहीं, असा त्या पत्राचा आशय. हा सर्व इतिहास मीं वर्गांत अनेकदां सांगितला होता. परंतु त्या पत्राचा माझ्या सुभाषितांच्या पुस्तकाशीं कांहीं संबंध पोंचेल, असें स्वप्नांतहि आलें नव्हतें.

अमळनेरची ओढ वाटण्यास दुसरेंहि एक कारण होतें. साने गुरुजी मूळचे आमच्याच दापोली तालुक्यांतील पालगडचे. १९२४ पासून १९३० पर्यंत ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. एका कोंकणी शिक्षकाच्या पायवाटेनें दुसऱ्यानें जावें, ह्यांत मला शुभशकुन दिसला. साठ प्रतींचीं दोन खोकीं सुतळीनें बांधून मी दापोलीहून पुणें, पुण्याहून धुळें व धुळ्याहून अमळनेर असा एस्. टी. चा प्रवास केला.

संमेलन २, ३ व ४ फेब्रुवारीस प्रताप महाविद्यालयाच्या आवारांत होतें व त्या नगरीस साने गुरुजींचेंच नांव दिलेलें होतें. ह्यापूर्वीं १९५२ सालीं कृ. पां. कुलकर्णी ह्यांच्या अध्यक्षतेखालीं अमळनेरास संमेलन झालें होतें; ह्या वेळचे अध्यक्ष डॉ. रवींद्र शोभणे होते. ग्रंथदिंडी पाहून माझा कंठ दाटून आला. लेझीम खेळणाऱ्या मुलींच्या मागोमाग पालखींतून ग्रंथ चालले आहेत आणि रस्त्याच्या दुतर्फा बायामाणसें हात जोडून उभीं आहेत, हें दृश्य दुसऱ्या कोणत्या देशांत दिसत असेल, मला ठाऊक नाहीं.

परंतु ग्रंथाला हात जोडणें निराळें आणि ग्रंथ विकत घेणें निराळें, हा पहिला धडा मला लवकरच मिळाला. एका पुस्तक-विक्रेत्याशीं पत्रानें ठरलें होतें कीं, ग्रंथप्रदर्शनांतील त्याच्या गाळ्यांत टेबलाचा एक कोपरा मला मिळावा व विक्रीचा चाळीस टक्के वाटा त्यानें घ्यावा. मी पोंचलों तेव्हां तो कोपरा पाककृतींच्या व स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांनीं भरून गेला होता. गृहस्थ वाईट नव्हते, घाईंत होते. ‘गुरुजी, खोकीं टेबलाखालीं सरकवा, संध्याकाळीं पाहूं,’ असें म्हणून ते गिऱ्हाइकाकडे वळले. मीं हट्टानें चार प्रती एका कडेस मांडल्या व त्यांमागें उभा राहिलों. लोक येत, प्रत उचलीत, मागील पृष्ठ पाहत व ठेवून देत. एकानें विचारलें, ‘सवलत किती?’ मीं ‘दीडशें रुपये किंमत आहे’ म्हणतां म्हणतां तो पुढच्या गाळ्यावर गेलासुद्धां. छत्तीस वर्षें मीं मुलांना ज्ञान फुकट दिलें. दीडशें रुपये मागतांना जीभ टाळ्यास चिकटते, हें त्या दिवशीं कळलें.

त्याहून विनोदी प्रकार कविकट्ट्याजवळ घडला. तेथें माझ्यासारखेच, खांद्यास पिशवी लावलेले दहा-बारा ग्रंथकार भेटले. प्रत्येकाच्या पिशवींत स्वतःच्या पुस्तकाच्या प्रती. परस्परांनीं परस्परांस सप्रेम भेट दिली, सह्या केल्या, छायाचित्रें काढलीं. तासाभरानें माझ्या पिशवींतून सहा प्रती गेल्या होत्या व सहा काव्यसंग्रह आले होते. देणारे सगळे, घेणारा कोणी नाहीं! पहिल्या दिवशींची रोख विक्री शून्य.

त्या रात्रीं निवासाच्या दालनांत सतरंजीवर पडल्या पडल्या झोंप येईना. पडवीची ताडपत्री डोळ्यांपुढें फडफडत होती. अडतीस हजारांचा हा खेळ मीं कोणासाठीं केला? विद्येसाठीं कीं नांवासाठीं? तेव्हां मला साने गुरुजींची एक गोष्ट आठवली. ह्याच गांवीं, वसतिगृहांतील मुलांसाठीं, ते स्वतःच्या हातानें लिहून एक दैनिक काढीत असत. छापखाना नाहीं, विक्री नाहीं, प्रतींची संख्या नाहीं. वाचक म्हणजे समोरचीं मुलें. मनांत आलें, अरे, फळ्यावर रोज सुभाषित लिहिणारा तूं. तुला वाचक नव्हते असें कोण म्हणेल? मग आतांच ही तळमळ कां? उत्तर सांपडलें नाहीं, पण मन जरा शांत झालें.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं एक बाई गाळ्याशीं थांबल्या. जवळच्याच एका खेड्यांत त्या अंगणवाडी सेविका होत्या. बरोबर नववींत शिकणारी मुलगी. त्यांच्या बोलण्यांत अहिराणीचें गोड वळण होतें. मुलीच्या शाळेंत संस्कृताला शिक्षक नव्हते. तिला मात्र तो विषय शिकावयाचा होता. मुलीनें पुस्तक उघडलें. पान निघालें तें भर्तृहरीच्या नीतिशतकांतील सज्जन-दुर्जनांच्या मैत्रीच्या श्लोकाचें. खालीं मीं मोठ्या अभिमानानें अर्थ लिहिला होता : ‘दुर्जनांचें सख्य पूर्वाह्णींच्या छायेसम क्षयिष्णु, तर सज्जनांचें अपराह्णींच्या छायेसम वर्धिष्णु असतें.’

मुलीनें तो दोनदां वाचला व भीतभीत विचारलें, ‘आजोबा, ह्या अर्थाचा अर्थ काय?’

आई तिच्यावर रागावली. मी मात्र जागच्या जागीं थिजलों. फळ्याशीं उभें राहून मीं मुलांना कधीं असा अर्थ सांगितला नव्हता. वर्गांत मी त्यांच्या बोलींत बोलत असें. लेखणी हातीं घेतांच मात्र मला कोठल्या तरी विद्वत्सभेपुढें उभें राहिल्यासारखें वाटलें असावें, आणि दोनशें सुभाषितांचीं दारें उघडतों उघडतों म्हणत मीं त्यांना नवीं कुलपें घातलीं होतीं. १८८५ चें तें पत्र त्या क्षणीं मला आठवलें. जोतीरावांचा आक्षेप फार मोठ्या अन्यायाविषयीं होता. माझ्या क्षुल्लक पुस्तकाशीं त्याची तुलना करणें अप्रस्तुत होईल. तरीहि पुस्तक लिहितांना आपण कोणाला पंक्तींत घेतों आणि कोणाला न कळत बाहेर उभें करतों, हा प्रश्न मला त्या पोरीनें विचारला होता, ह्यांत शंका नाहीं.

मी म्हणालों, ‘चल बाळ, बाहेर उन्हांत चल.’ तीन-साडेतीनची वेळ होती. मंडपाच्या एका खांबाची सांवली जमिनीवर पडली होती. तिच्या टोंकाशीं मीं एक खडा ठेवला आणि सांगितलें, ‘सकाळीं सूर्य वर चढतो तशी ही सांवली आंखूड होत जाते. ती वाईटाची मैत्री : आरंभीं लांबलचक, मग कमी कमी. दुपार कलली कीं सांवली लांबत जाते. ती चांगल्याची मैत्री : आरंभीं थोडी, मग वाढत जाणारी. आतां आपण पाहूं.’ अर्धा तास आम्ही तेथें उभे राहून दुसरे श्लोक वाचले. आणखी सात-आठ मुलें भोंवतीं जमलीं. मग पाहिलें, तों सांवली खड्याच्या कितीतरी पुढें सरकलेली. मुलीच्या मुखावर जो आनंद उमटला, तो मला निवृत्तीनंतर आठ वर्षांनीं प्रथमच पुन्हा दिसला.

बाईंजवळ शंभरच रुपये होते. मी म्हणालों, ‘शंभरच द्या.’ त्या म्हणाल्या, ‘नाहीं गुरुजी, किंमत दीडशें आहे. पन्नास उद्यां आणून देते.’ दुसऱ्या दिवशीं पन्नास रुपये आले आणि सोबत मुलीच्या दोन मैत्रिणीहि आल्या. खांबाच्या सांवलीचा तो वर्ग शेवटच्या दिवशीं पुन्हा भरला. त्यामुळें माझें अध्यक्षीय भाषण जसें अर्धें चुकलें होतें, तसा समारोपाचा कार्यक्रमहि चुकला.

आतां जमाखर्च. नेलेल्या प्रती साठ. भेट गेल्या सहा, विकल्या सतरा, परत आल्या सदतीस. विक्रीचे दोन हजार पांचशें पन्नास रुपये. त्यांतून गाळ्याचा वाटा वजा जातां हातीं एक हजार पांचशें तीस. प्रवास व भोजन ह्यांचा खर्च त्याहून अधिक झाला. नव्या ग्रंथकारांस ह्यावरून तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, एकदम पांचशें प्रती छापूं नयेत. हल्लीं पन्नास-शंभर प्रतीहि छापून मिळतात, त्यांवर आधीं वाचकांचा कौल घ्यावा. दुसरी, गाळ्याचा व्यवहार जागेच्या मापासह लेखी ठरवावा. तिसरी, छापण्यापूर्वीं आपलें हस्तलिखित एखाद्या नववींतील मुलीला वाचावयास द्यावें आणि ती कोठें अडते तेथें खूण करावी. तिसरीस कांहींच खर्च पडत नाहीं आणि तीच मीं केली नव्हती.

घरीं आल्यावर मीं सौभाग्यवतीस सर्व हकीकत सांगितली, आंकडेहि लपविले नाहींत. तिनें विचारलें, ‘मग आतां काय करणार?’ मी म्हणालों, ‘दोनशेंही श्लोकांचे अर्थ पुन्हा लिहिणार, वर्गांत सांगत होतों तसे. त्यांची छोटी पुरवणी नकलयंत्रावर काढून प्रत्येक प्रतींत घालीन.’ ती कांहीं बोलली नाहीं. सायंकाळीं पाहतों तों पडवींतलीं पुस्तकांचीं खोकीं तिनें एकटीनें ओढून माजघरांत, धान्याच्या कोठीशेजारीं, विटांवर नीट रचून ठेविलीं होतीं.

‘छप्पर पुढच्या वर्षीं बघूं,’ ती म्हणाली, ‘पण त्या मुलीला पहिली पुरवणी धाडा. आणि धाडण्याआधीं मला वाचून दाखवा. मला कळली तर तिला कळेल.’

त्याप्रमाणें रोज रात्रीं जेवणानंतर मीं पांच श्लोक वाचावयाचे व तिनें ऐकावयाचे, असा क्रम आम्हीं सुरू केला. पहिल्याच रात्रीं तिनें मला तीन ठिकाणीं थांबविलें.