पोच घेतली का?

‘लाइन गेली’ म्हणजे काय, हे एटापल्लीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेजारच्या चंद्रपुरात २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र आणि आपल्याकडे वादळ आलं की टॉर्चची शोधाशोध! ‘भाऊ, लाइन कधी येईल?’ असं लाइनमनला विचारायचं, तो ‘पाहतो’ म्हणतो आणि विषय संपतो. पण मित्रांनो, कायद्यासाठी विषय इथून पुढे सुरू होतो.

विद्युत कायदा, २००३ चं कलम ४३ वाचा. घरात राहणाऱ्याने वीज मागितली, तर ती मुदतीत देणं वितरण कंपनीवर बंधनकारक आहे. केंद्राच्या २०२४ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामीण भागात ही मुदत १५ दिवस, डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवस. मुदत चुकली तर दिवसाला १,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जिथे वीजवाहिनीच पोचलेली नाही, अशा टोल्यांसाठी मात्र आयोग मुदत वाढवू शकतो.

खरी गोम पुढे आहे. दिवस मोजायचे ते पूर्ण भरलेला अर्ज मिळाल्यापासून. ‘साहेबांना सांगितलं होतं’ याची तारीख कुठेच नसते. शिक्का मारलेली पोच असेल, तरच तुमचा एकेक दिवस मोजला जातो. दाद मिळाली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर नागपूरचे विद्युत लोकपाल, अशी वाट कायद्यानेच आखून दिली आहे.

यात करिअरही आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ पासून काम करतोय. युनिटचा दर तोच ठरवतो आणि त्याआधी लोकांच्या सूचना-हरकती मागवतो. २८ मार्च २०२५ ला त्याने दरांचा आदेश दिला. महावितरणने फेरविचार मागितला आणि २५ जूनला सुधारित आदेश आला. अशा प्रकरणांत वकिलांसोबत इंजिनीअर आणि अर्थशास्त्राचे अभ्यासकही लागतात. ग्राहकांची बाजू मांडायला आयोग प्रतिनिधी नेमू शकतो. पुण्याचा ‘प्रयास ऊर्जा गट’ हे काम करत आला आहे. आयोगाच्या आदेशावर अपील दिल्लीच्या विद्युत अपिलीय न्यायाधिकरणात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात.

वकील व्हायचं असेल तर बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम आहेच. ताळेबंद वाचायची सवयही लावून घ्या. पण तुमच्याकडे एक गोष्ट आधीच आहे, जी मुंबईच्या मोठ्या वकिलाकडे नसते: माडियात सांगितलेलं गाऱ्हाणं तुम्हाला कळतं. ते मराठी अर्जात तारखेसह उतरवणं हीच या वकिलीची पहिली पायरी. त्यासाठी सनद लागत नाही.

या सुट्टीत गावी गेलात की मीटरची वाट पाहणाऱ्या एखाद्या घरी जा आणि एवढंच विचारा, ‘अर्ज दिला ना? मग पोच कुठाय?’