समुद्र आणि शिंगें

रावेत येथें पवनेच्या कांठीं जो काळा कातळ उघडा पडलेला दिसतो, तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हारसाचा होय. त्याच सुमारास पृथ्वीवरील अजस्र डायनासोर नष्ट झाले. गुजरातेंत रहिओलीस सांपडलेल्या ‘राजासॉरस’च्या कपाळावर शिंग होतें खरें, परंतु तो मांसाहारी, निराळ्या कुळांतला. शाकाहारी शृंगधारी कुळाचा मोठा विस्तार झाला तो उत्तर अमेरिकेंत. आणि त्या विस्तारांत समुद्राचा हात कसा होता, हें वाचकांस सांगण्याचा आमचा हेतु आहे.

त्या काळीं अमेरिकेच्या मधोमध एक उथळ समुद्र पसरला होता. पश्चिमेस डोंगर, पूर्वेस पाणी आणि मधल्या पट्टींत हे प्राणी चरत. सुमारें साडेसात कोटी वर्षांपूर्वीं मोंटाना प्रांतावर समुद्र चढूं लागला व पट्टी अरुंद होत गेली. १९९२ सालीं जॅक हॉर्नर व त्यांचे सहकारी यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, या कोंडीमुळेंच प्राण्यांचें रूप झपाट्यानें पालटलें. शिंगें हीं जोडीदारास मोहविण्याचीं साधनें. थोड्या जागेंत दाटी झाली कीं अशा निवडीस जोर चढतो.

खडकांचे थर याची साक्ष देतात. खालच्या थरांतील प्राण्याच्या नाकावर उंच शिंग आहे. त्यास २०२० सालीं ‘स्टेलासॉरस’ हें नांव मिळालें. त्यावरच्या ‘आयनिओसॉरस’चें शिंग पुढें वांकलेलें आहे; आणि त्याहून वरच्या ‘अकिलोसॉरस’ला शिंगाऐवजीं हाडाचें खडबडीत टेंगूळ आहे. हे आजा, बाप व नातू, कीं केवळ चुलत भाऊबंद, याविषयीं पंडितांत मतभेद आहे. एका वंशावळींतले मात्र ते खासच.

हा पालट होण्यास लक्षावधि वर्षें लागलीं. उलट १९०० सालापासून जगांतील समुद्राची पातळी सुमारें २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर, वाढली आहे. आमच्या कोंकणच्या खाडीकांठीं राहणाऱ्या जीवांस एका बाजूनें पाणी व दुसऱ्या बाजूनें मनुष्याची वस्ती अशी कोंडी होत आहे. रूप पालटण्यास लागणारा अवधि त्यांना कोण देणार? समुद्र नवे जीव घडवितो, हें खरें. परंतु त्याकरितां त्याला घाई चालत नाहीं, हेंच मोंटानाच्या खडकांवरून आम्हीं शिकावयाचें.