डोंगरावरचा निरोप्या

पाच वॅटची वॉकीटॉकी घेऊन सपाट मैदानात उभं राहिलं, तर तशाच दुसऱ्या संचापर्यंत आवाज जेमतेम दहा किलोमीटर जातो. मधे इमारती आल्या की तेवढाही नाही. 145 मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी जवळपास सरळ रेषेत धावतात. पृथ्वीची गोलाईच त्यांना अडवते.

यावर उपाय उंचीचा. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर उंच आणि पुणे शहर सुमारे 560. एवढ्या उंचीवरून रेडिओचं क्षितिज शंभर किलोमीटरपलीकडे सरकतं. गडावर दूरदर्शनचा मनोरा उभा आहे, तोही याचसाठी. हॅम मंडळी, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचालक, अशाच उंच जागी रिपीटर बसवतात. खालचा क्षीण आवाज तो ऐकतो आणि त्याच क्षणी मोठ्या ताकदीनं पुन्हा सोडतो.

त्याच क्षणी, हेच अवघड. समजा, रिपीटर 145.000 वर ऐकतो आणि 145.600 वर बोलतो. अंतर फक्त 600 किलोहर्ट्‌झ, आणि अँटेना बहुधा एकच. स्वतः पंचवीस वॅटनं बोलत असताना त्याला वॅटच्या अब्जाव्या भागाहूनही क्षीण संदेश टिपायचा असतो. या दोन लहरी एकमेकींपासून अलग ठेवण्याचं काम डुप्लेक्सर करतो. त्यात धातूचे उंच, पोकळ डबे ओळीनं जोडलेले असतात. प्रत्येक डब्यातली दांडी किंचित वरखाली करून तो नेमक्या लहरीशी जुळवावा लागतो.

नवशिक्यानं आपल्या संचात तीन गोष्टी भरायच्या: रिपीटर ज्यावर बोलतो ती फ्रिक्वेन्सी, ऑफसेट (त्याच्या ऐकण्या-बोलण्याच्या फ्रिक्वेन्सींमधलं अंतर) आणि टोन. टोन म्हणजे आवाजाखाली सतत वाजणारा मंद सूर, उदाहरणार्थ 88.5 हर्ट्‌झचा. तो ओळखल्याशिवाय रिपीटर दार उघडत नाही. म्हणून बटण दाबून क्षणभर थांबावं, मग कॉल साइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेलं आपलं सांकेतिक नाव, सांगून बोलावं. घाई केली की पहिला शब्द कापला जातो. बटण सोडल्यावर रिपीटरची लहर थोडा वेळ टिकून मग तुटली, तर समजावं, आपण पोहोचलो. पण नाव न सांगता नुसतं बटण दाबून पाहणं शिष्टाचाराला धरून नाही. दोन बोलण्यांमध्ये छोटी फट ठेवावी. कुणाला तातडीचा निरोप द्यायचा असेल, तर तो त्या फटीतूनच आत येतो.

डोंगराहून कितीतरी उंचावरचा एक रिपीटर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर आहे. सप्टेंबर 2020 मध्ये तो सुरू झाला. 145.990 वर 67 हर्ट्‌झच्या टोनसह बोलायचं आणि 437.800 वर ऐकायचं. स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवरून वेगानं जातं, त्यामुळे संवादाला मिळतात फार तर दहा मिनिटं.

बोलायला परवाना हवाच. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते. तोवर जवळच्या हॅमशेजारी बसून ऐकावं, आणि तो रिपीटरच्या देखभालीला डोंगर चढायला निघाला, तर बॅटरीची पिशवी उचलायला सोबत जावं.