सूर्यास्तापूर्वीचे ताट

सूर्य मावळायला अर्धा तास उरला आहे. ऐंशी वर्षांच्या आजी खोलीच्या दाराकडे पाहत बसल्या आहेत. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांचा चौविहार चुकलेला नाही. दुकान वाढवून मंडळी रात्री नऊला परततात आणि मग पाने मांडली जातात. आजींनाही हाक जाते. ‘मला नको,’ असे त्या म्हणतात आणि बाकीचे जेवायला बसतात. कोणी आवाज चढवत नाही, हात उगारत नाही. तरीही एक वृद्धा रोज उपाशी झोपते आणि तिला जेवण का नको, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

असे चित्र कोणत्याही बाजारपेठेतल्या कोणत्याही सुस्थित घरात असू शकते. वृद्धांचा छळ म्हटला की मारहाण आठवते, म्हणून असे प्रसंग छळाच्या हिशेबात धरलेच जात नाहीत. जैन आचारशास्त्राची दृष्टी मात्र अधिक सूक्ष्म आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत मारणे आणि अवयवाला इजा करणे आहेच. त्याच्या जोडीला बांधून ठेवणे, शक्तीबाहेर भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे हेही आहे. हे अतिचार समजावताना बहुधा मुक्या जनावरांचे दाखले दिले जातात. तेच माप घरातल्या माणसांना लावून पाहावे. दुकानात जाताना विस्मरण झालेल्या वडिलांना बाहेरून कुलूप घालणे, हा बंध होय. गुडघे गेलेल्या आजीवर दिवसभर नातवंडे आणि स्वयंपाक टाकणे, हे अतिभारारोपण होय. स्वेच्छेने केलेला उपवास हे तप आहे. ज्याला प्रत्याख्यान म्हणजे काय हे आता उमगत नाही, त्याच्या नावे परस्पर ठरवलेला उपवास म्हणजे अन्नपाननिरोधच.

व्यापारी कुटुंबांत आणखी एक प्रकार विशेष दिसतो आणि त्याचा संबंध अचौर्याणुव्रताशी आहे. कोऱ्या धनादेशांवर घेतलेल्या सह्या, लॉकरची काढून घेतलेली किल्ली, पासबुक न दाखवणे, वडिलांच्या खात्याला मुलाचा मोबाईल क्रमांक जोडणे, न वाचू देता भागीदारीतून निवृत्तीच्या कागदावर घेतलेला अंगठा, हे सारे ‘व्यवहाराच्या सोयीसाठी’ म्हणून घडते. जे दिलेले नाही ते घेणे, ही अदत्तादानाची व्याख्या नात्यामुळे बदलत नाही. पेढीत हिस्सा असलेला अपंग किंवा मतिमंद भाऊही असाच परावलंबी असतो.

खुणा लहान असतात. नियमित मंदिरात किंवा स्थानकात येणारी व्यक्ती अचानक येईनाशी होते. चष्मा फुटलेला, श्रवणयंत्र बंद, दात बसवायचे राहिलेले, असे महिनोन्‌महिने चालते. वजन घटते, कपडे मळके दिसतात, दंडावर वळ असतात, अंथरुणात व्रण होतात. पाहुण्याने प्रश्न विचारताच उत्तर दुसराच देतो. एकच खूण पाहून निष्कर्ष काढू नये. रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी सहज काळे-निळे डाग पडतात; विस्मरणाच्या आजारात चोरीचे खोटे आळही घेतले जातात. मात्र तेवढ्या कारणाने प्रत्येक तक्रार ‘म्हातारपणीचा भ्रम’ म्हणून उडवून लावणे धोक्याचे आहे. भेटीला गेल्यावर दहा मिनिटे एकांतात बसावे. ‘जेवण वेळेवर होते ना? पैसे हातात असतात ना? कोणाची भीती वाटते का?’ असे साधे प्रश्न विचारावेत आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.

घराण्याच्या अब्रूसाठी, मुलीच्या स्थळासाठी, पेढीच्या पतीसाठी वृद्ध स्वतःच गप्प राहतात. म्हणून बोलण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावर येते. 14567 हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी आहे; जिवाला धोका असल्यास 112 वर पोलिसांना कळवावे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याखाली वृद्धाला स्वतः, किंवा तो असमर्थ असल्यास त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीला वा संस्थेला निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अपत्य नसलेल्या वृद्धाला त्याच्या मालमत्तेचा वारस ठरणाऱ्या नातेवाइकाकडेही निर्वाह मागता येतो. वृद्धाला टाकून देणे हा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकणारा गुन्हा आहे. छळ झालेल्या आईबद्दल किंवा सासूबद्दल 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर त्याची जबाबदारी येत नाही. अपंग व्यक्तीच्या छळाची माहिती 2016 च्या कायद्यानुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देता येते.

बक्षीसपत्राविषयी विशेष सावध असावे. महाराष्ट्रात राहते घर मुलाला किंवा नातवाला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये आहे, त्यामुळे हा कागद चटकन होतो. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, 2007 च्या कायद्याच्या कलम 23 खाली परत मिळवता येते. पण अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. म्हणून सांभाळाची अट बक्षीसपत्रातच शब्दांत लिहून घ्यावी. यात मुलावर अविश्वास नाही. जी पेढी सख्ख्या भावाशीही लेखी भागीदारी करते, तिला हे सांगावे लागू नये.

प्रत्येक घरात प्रश्न कचेरीपर्यंत जाईलच असे नाही. पुष्कळदा नणंद, भाचा किंवा शेजारच्या दुकानदाराने वेळीच विचारलेला एक प्रश्न पुरतो. वृद्ध व आजारी साधूंच्या सेवेला, वैयावृत्त्याला, धर्माने अभ्यंतर तपात स्थान दिले आहे. त्या तपाचा आरंभ घरातूनही होऊ शकतो. संवत्सरीला थोरांच्या पाया पडून क्षमा मागितली जाते. त्याआधी वर्षभर रोज सायंकाळी कोणी तरी अर्धा तास लवकर दुकानातून निघाले, तर आजींचे ताट सूर्यास्तापूर्वी त्यांच्यापुढे येईल.