हरवलेल्या मोटारीचा माग

जानेवारी 2023 मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या मोटारींचा मेळावा भरला, तेव्हा मला राहून राहून स्मरण होत होते ते तेथे नसलेल्या एका गाडीचे: इंदूरच्या यशवंतराव होळकरांसाठी 1936 च्या सुमारास लंडनच्या गर्नी नटिंग यांनी जिचा देह घडविला, त्या आठ सिलिंडरांच्या, सुपरचार्जर लावलेल्या, दोन आसनी ड्यूसेनबर्गचे; ती पुढे अमेरिकेत गेली.

अशा गाडीचा शोध घेताना रंगावर वा नंबरप्लेटवर विसंबणे व्यर्थ, कारण मालकागणिक दोन्ही पालटतात, आणि इंजिनही कित्येकदा बदललेले निघते. खरी साक्ष चॅसिसवर कोरलेल्या क्रमांकाची, आणि तीही कारखान्याच्या नोंदवहीशी ताडून पाहिल्यावरच ग्राह्य.

बडोद्यात हे काम अधिकच बिकट. 1949 साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, 1960 साली गुजरात निराळे झाले, 1971 साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले. एकाच गाडीचे कागद तीन राजवटींच्या दप्तरांत विखुरलेले असणे सहज संभवते. 2021 च्या केंद्रीय नियमांनी 50 वर्षांवरील मूळ स्वरूपातील गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी दिली, हे फार इष्ट झाले.

तेव्हा वाचकहो, आजोबांच्या मोटारीचा विम्याचा कागद, दुरुस्तीची पावती, अंगणातले छायाचित्र, यांतले काहीही रद्दीत घालू नका.